यकृतशोथ, ब प्रकारचा

एका विशिष्ट व्हायरसाच्या संसर्गामुळे यकृताला येणारी दाहयुक्त सूज. हा रोग व्यवहारात ‘हिपॅटायटिस बी’ या नावाने परिचित असून त्यास ‘ब प्रकारची कावीळ’ असेही म्हटले जाते. हे दुसरे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. कावीळ हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांत आढळणारे ते एक लक्षण आहे. शिवाय ब यकृतशोथाचा संसर्ग झालेल्या बहुसंख्य व्यक्तींना, विशेषतः बालकांना, कावीळ होतच नाही. कोणतेही लक्षण न दाखविता हा व्हायरस मानवी शरीरात अनेक दशके टिकून राहू शकतो, बाह्यतः निरोगी दिसणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातून इतरांपर्यंत पोहोचतो आणि कालांतराने यकृत सूत्रण रोग (यकृतातील निरोगी ऊतकाची जागा तंतुमय ऊतकाने घेतली जाणे) व यकृताचा कर्करोग यांना कारणीभूत होतो. रोगाचे गांभीर्य आणि त्याच्या प्रतिबंधाचे मर्म ही दोन्ही या मूक टिकाऊपणात सामावलेली आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सु. २५.४ कोटी लोकांच्या शरीरात हा संसर्ग दीर्घकालिक स्वरूपात होता आणि त्या एका वर्षात त्याच्या परिणामांनी सु. ११ लक्ष व्यक्ती मृत्यू पावल्या. भारतातील दीर्घकालिक संसर्ग असलेल्यांची संख्या त्या वर्षी सु. २.९८ कोटी होती. जगातील एकूण संसर्गितांपैकी ज्यांचे निदान झाले होते, अशांचे प्रमाण अवघे १३ टक्के होते. म्हणजे बहुतेकांना आपल्याला संसर्ग झाल्याची कल्पनाही नव्हती.

इतर यकृतशोथांहून भिन्नता : यकृतशोथ घडवून आणणारे अ, ब, क, ड आणि ई असे पाच प्रमुख व्हायरस ज्ञात आहेत. यांपैकी अ व ई हे विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून व अन्नातून पसरतात. त्यांच्यामुळे गावोगावी काविळीच्या साथी उद्‌भवतात. परंतु रोगी बरा झाल्यावर हे व्हायरस सामान्यतः शरीरात राहत नाहीत. ब, क आणि ड हे मुख्यत्वे रक्तावाटे पसरतात व शरीरात दीर्घकाळ राहू शकतात. ड व्हायरसाची वाढ ब व्हायरसाच्या आधारावाचून होऊ शकत नाही. त्याचे प्रतिजन १९७७ मध्ये मारिओ रिझेट्टो या इटालियन संशोधकांनी प्रथम वर्णिले. ज्याला ब यकृतशोथापासून संरक्षण मिळाले, त्याला ड प्रकारापासूनही आपोआप संरक्षण मिळते.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. १९५५-५६ मध्ये दिल्ली शहराच्या पाणीपुरवठ्यात यमुनेतील सांडपाणी मिसळल्यामुळे काविळीची मोठी साथ आली व सु. २९,३०० लोकांना कावीळ झाली. या साथीतील जतन केलेल्या रक्तरसांची तपासणी १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांचा सहभाग होता. साथीचे कारण अ किंवा ब यांपैकी कोणताही व्हायरस नसल्याचे या तपासणीवरून दिसून आले. पुढे तो ई व्हायरस असल्याचे निश्चित झाले. पाणी उकळून पिण्याने अशी साथ टळते. ब यकृतशोथ मात्र पाणी, अन्न अथवा घरातील भांडी यांवाटे पसरत नाही. त्यामुळे त्याचा प्रतिबंधही वेगळ्या मार्गाने करावा लागतो.

इतिहास : हा व्हायरस मानवाचा फार जुना सोबती आहे. प्राचीन मानवी अवशेषांतून मिळालेल्या डीएनएचा अभ्यास करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार यूरोपात सु. ७,००० वर्षांपूर्वीच्या नवाश्मयुगीन लोकांतही या व्हायरसाचा संसर्ग होता. रोग म्हणून त्याची पहिली स्पष्ट नोंद जर्मनीतील ब्रेमेन येथील आहे. तेथील जहाजबांधणीच्या कारखान्यातील १,२८९ कामगारांना १८८३ मध्ये देवीची लस टोचण्यात आली. ही लस मानवी लसीकेपासून बनविलेली होती. पुढील काही महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. ही लस न टोचलेले कामगार मात्र तिच्यापासून मुक्त राहिले. ल्यूरमान यांनी १८८५ मध्ये ही घटना प्रसिद्ध केली. मानवी द्रवातून कावीळ संक्रमित होते, असे त्यावरून सूचित झाले होते. तथापि या निरीक्षणाचे महत्त्व त्या काळी पुरेसे ध्यानात आले नाही.

दुसऱ्या महायुद्धात याच चुकीची मोठ्या प्रमाणावर पुनरावृत्ती झाली. अमेरिकन सैनिकांना देण्यात आलेल्या पीतज्वर-प्रतिबंधक लशीत स्थिरक म्हणून मानवी रक्तरस मिसळलेला होता. १९४२ मध्ये सु. ५०,००० सैनिकांना काविळीसाठी रुग्णालयात ठेवावे लागले. अनेक दशकांनंतर त्यांच्यापैकी काहींच्या रक्ताची तपासणी करण्यात आली, तेव्हा तो संसर्ग ब यकृतशोथाचाच होता, हे सिद्ध झाले. दूषित पाण्यातून होणारा यकृतशोथ व रक्तरसातून होणारा यकृतशोथ यांना अनुक्रमे अ व ब ही नावे ब्रिटिश वैद्य मॅकलम यांनी १९४७ मध्ये सुचविली.

व्हायरसाचा शोध मात्र यकृतशोथाच्या अभ्यासातून लागला नाही. बारूक ब्लंबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील प्रथिनांमधील आनुवंशिक भेदांचा अभ्यास करीत होते. अनेकवार रक्ताधान झालेल्या एका रक्तस्रावी (हीमोफिलियाग्रस्त) रुग्णाच्या रक्तरसातील प्रतिपिंड ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तरसातील अज्ञात पदार्थाशी विक्रिया करते, असे १९६३ मध्ये त्यांना आढळले. या पदार्थास ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ असे नाव देण्यात आले व त्यासंबंधीचे वृत्त १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रथम त्याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी असावा, अशी कल्पना होती. यकृतशोथाशी असलेला त्याचा संबंध १९६७-६८ च्या सुमारास स्पष्ट झाला व अमेरिकेतील प्रिन्स आणि जपानमधील ओकोची यांच्या स्वतंत्र संशोधनाने त्यास पुष्टी मिळाली. हे प्रतिजन म्हणजे व्हायरसाच्या बाह्य आवरणातील प्रथिन होय. संपूर्ण व्हायरसकण लंडन येथील डेन व त्यांचे सहकारी यांनी १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पाहिला. या कार्याबद्दल ब्लंबर्ग यांना १९७६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कार्लटन गायडुसेक यांच्याबरोबर विभागून देण्यात आले. २८ जुलै हा ब्लंबर्ग यांचा जन्मदिवस ‘जागतिक यकृतशोथ दिन’ म्हणून पाळला जातो.

व्हायरसाची रचना व शरीरातील टिकाव : व्हायरसाचा पूर्ण कण गोलाकार असून त्याचा व्यास सु. ४२ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग) असतो. त्याच्या गाभ्यात वर्तुळाकार व अंशतः दुपेडी डीएनए रेणू असतो. त्याची लांबी अवघी सु. ३,२०० क्षारक-जोड्यांएवढी आहे. मानवाला बाधक असणाऱ्या डीएनए व्हायरसांमध्ये हा अत्यंत लहान रेणूंपैकी एक आहे. यातील जनुके एकमेकांवर अंशतः पसरलेली असल्यामुळे एवढ्या अल्प लांबीतही व्हायरसाची सर्व प्रथिने सांकेतिक रूपाने साठविली जातात. संसर्गित व्यक्तीच्या रक्तात पूर्ण कणांखेरीज सु. २२ नॅनोमीटर व्यासाचे, केवळ आवरणाच्या प्रथिनाचे बनलेले कणही फार मोठ्या संख्येने आढळतात. त्यांच्यात डीएनए नसल्यामुळे ते संसर्ग करीत नाहीत. परंतु शरीरातील प्रतिपिंडांना स्वतःकडे गुंतवून ठेवतात व खऱ्या व्हायरसकणांना एक प्रकारे आडोसा देतात.

व्हायरस यकृताच्याच कोशिकांत (पेशींत) का शिरतो, याचा उलगडा २०१२ मध्ये चिनी संशोधकांनी केला. पित्तलवणे आत घेण्यासाठी यकृत कोशिकांच्या पृष्ठभागावर जे वाहक प्रथिन असते, त्याचाच व्हायरस प्रवेशद्वारासारखा उपयोग करतो. आत शिरल्यावर त्याचा डीएनए कोशिकेच्या केंद्रकात जातो. तेथे त्याच्या दोन्ही टोकांची पक्की जुळणी होऊन एक बंद वर्तुळ तयार होते व ते लहानशा गुणसूत्राप्रमाणे केंद्रकात स्थिरावते. या वर्तुळापासून आरएनएच्या प्रती तयार होतात आणि व्हायरसाच्या स्वतःच्या एंझाइमाकडून त्या आरएनएपासून पुन्हा डीएनए बनविला जातो. डीएनएपासून आरएनए हा नेहमीचा क्रम उलटविणाऱ्या या प्रक्रियेस ‘व्युत्क्रमी प्रतिलेखन’ म्हणतात. ब यकृतशोथाच्या व्हायरसगटातील ही प्रक्रिया समर्स व मेसन यांनी बदकांतील सजातीय व्हायरसाच्या अभ्यासातून १९८२ मध्ये दाखवून दिली. उपलब्ध औषधे हीच पायरी रोखतात. केंद्रकातील बंद वर्तुळाला ती स्पर्श करीत नसल्यामुळे औषध थांबविल्यावर व्हायरस पुन्हा डोके वर काढू शकतो.

हा व्हायरस स्वतः यकृत कोशिका फारशा नष्ट करीत नाही. शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेतील लसीका कोशिका संसर्गित यकृत कोशिकांवर हल्ला करतात व त्यांचा नाश करतात. यकृताचा शोथ आणि कावीळ ही त्या हल्ल्याची फलिते होत. प्रौढ व्यक्तीची प्रतिरक्षा यंत्रणा परिपक्व असल्याने हल्ला जोराचा होतो. कावीळ होते, परंतु बहुतेक वेळा व्हायरसाचा निःपातही होतो. नवजात अर्भकाची प्रतिरक्षा यंत्रणा व्हायरसाला परका मानण्याइतकी तयार नसते. त्यामुळे हल्ला होत नाही, कावीळ होत नाही आणि व्हायरस सुखेनैव टिकून राहतो.

यामुळेच संसर्गाचे वय हे रोगाचे भवितव्य ठरविणारे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. जन्माच्या वेळी किंवा पहिल्या वर्षात संसर्ग झालेल्या बालकांपैकी सु. ९० टक्क्यांमध्ये तो दीर्घकालिक होतो. एक ते पाच वर्षे वयात हे प्रमाण सु. ३० टक्क्यांपर्यंत खाली येते, तर निरोगी प्रौढांमध्ये ते ५ टक्क्यांहूनही कमी असते. ज्या वयात रोग सर्वांत शांत दिसतो, त्याच वयात तो सर्वांत घातक बीज पेरतो.

शरीराबाहेरील टिकाव : अनेक व्हायरस शरीराबाहेर अल्पावधीत निष्प्रभ होतात. ब यकृतशोथाचा व्हायरस मात्र वाळलेल्या रक्तातही सामान्य तापमानात किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मानवी रक्तद्रव वाळवून एक आठवडा ठेवल्यावरही त्यामुळे चिंपँझींना संसर्ग झाल्याचे दिसून आले. संसर्गित व्यक्तीच्या एक मिलिलिटर रक्तात व्हायरसकणांची संख्या कोट्यवधी, क्वचित अब्जावधीही असू शकते. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही संसर्गास पुरेसा ठरतो. केवळ थंड पाण्याने विसळलेली सुई स्वच्छ दिसली, तरी ती निर्धोक नसते.

उष्णतेपुढे मात्र हा व्हायरस टिकत नाही. दाबयुक्त वाफेच्या पात्रात (ऑटोक्लेव्हमध्ये) १२१° से. तापमानाला १५ ते २० मिनिटे ठेवलेली उपकरणे पूर्णतः निर्जंतुक होतात. सोडियम हायपोक्लोराइटाच्या योग्य तीव्रतेच्या विद्रावाने (उदा., ०.५ टक्के) पृष्ठभागांवर सांडलेल्या रक्तातील व्हायरस नष्ट करता येतो, मात्र दिसणारे रक्त प्रथम पुसून घेणे आवश्यक असते. अन्यथा रक्तातील प्रथिनांमुळे क्लोरिनाचा प्रभाव कमी होतो.

प्रसार : संसर्गाचे मुख्य मार्ग पुढीलप्रमाणे आहेत. (१) मातेकडून अपत्यास : हा संसर्ग बहुतांशी प्रसूतीच्या वेळी, मातेचे रक्त व स्राव यांच्याशी अर्भकाचा संपर्क आल्यामुळे होतो. मातेच्या रक्तात व्हायरसाच्या जोमदार वाढीचे निदर्शक असलेले ‘ई प्रतिजन’ असल्यास आणि कोणताही प्रतिबंधक उपाय न केल्यास ७० ते ९० टक्के अर्भकांना संसर्ग होतो. (२) बालपणातील संसर्ग : घरातील संसर्गित व्यक्तींच्या किंवा सोबतच्या मुलांच्या जखमा, ओरखडे व फोड यांच्याशी सतत येणाऱ्या संपर्कातून लहान मुलांना संसर्ग होतो. (३) रक्त व टोचणी : न तपासलेल्या रक्ताचे आधान, दूषित सुया व पिचकाऱ्या (सिरिंजा), मादक द्रव्यांच्या अंतःक्षेपणासाठी सामायिक वापरलेल्या सुया, तसेच गोंदणे, कान-नाक टोचणे, दाढी करणे इत्यादींसाठी निर्जंतुक न करता वापरलेली साधने ही सर्व संसर्गाची कारणे आहेत. वस्तरा, दात घासण्याचा ब्रश, नखे कापण्याचे साधन यांचा सामायिक वापरही धोक्याचा असतो. (४) लैंगिक संबंध : वीर्य व योनिस्राव यांतही व्हायरस असतो.

वैद्यकीय कर्मचाऱ्यांना असलेला धोका मोठा आहे. लस न घेतलेल्या व्यक्तीला संसर्गित रक्ताने माखलेली सुई चुकून टोचली गेल्यास मूळ रुग्णाच्या रक्तातील व्हायरसाच्या प्रमाणानुसार ६ ते ३० टक्के प्रसंगी संसर्ग होतो. एड्सच्या व्हायरसाच्या बाबतीत हे प्रमाण सु. ०.३ टक्के आहे.

असुरक्षित अंतःक्षेपणाचे परिणाम केवळ व्यक्तीपुरते मर्यादित राहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २००० साली जगात सु. २.१ कोटी लोकांना दूषित अंतःक्षेपणामुळे हा संसर्ग झाला. त्या वर्षीच्या एकूण नव्या संसर्गांपैकी हे जवळजवळ एकतृतीयांश होते. भारतात २००९ च्या प्रारंभी गुजरातमधील साबरकांठा जिल्ह्यात मोडासा व आसपासच्या भागात ब यकृतशोथाची साथ उद्‌भवली. चारशेहून अधिक लोकांना तिची लागण झाली व ऐंशीहून अधिक रुग्ण दगावले. सुया आणि पिचकाऱ्या यांचा पुनर्वापर हे या साथीचे कारण असल्याचे तपासात आढळून आले. साध्या तापासाठी किंवा अशक्तपणासाठी गोळीने भागत असतानाही ‘सुई’ टोचून घेण्याचा आग्रह धरण्याची प्रवृत्ती समाजात रूढ आहे. साधने निर्जंतुक नसतील, तर अशा अनावश्यक टोचणीतूनच निरोगी व्यक्तीच्या शरीरात व्हायरसाचा प्रवेश होतो.

हस्तांदोलन, आलिंगन, एकत्र भोजन, एकाच भांड्यातून पाणी पिणे, खोकला, शिंक, सामायिक स्वच्छतागृह यांमुळे हा रोग पसरत नाही. डासांच्या दंशाने तो पसरतो, असाही पुरावा नाही. अर्भकास वेळेवर लस दिलेली असल्यास संसर्गित मातेने त्यास स्तनपान देण्यास हरकत नसते. या वस्तुस्थितीचे अज्ञान असल्यामुळे संसर्गित व्यक्तींना कुटुंबात वेगळे ताट-वाटी देणे, नोकरी नाकारणे, विवाह मोडणे असे प्रकार घडतात. त्यांना वैद्यकीय आधार नाही. उलट भीतीमुळे लोक तपासणी टाळतात व रोगाच्या प्रसारास साहाय्यच होते.

लक्षणे व परिणाम : रोगाचा परिपाक काल (संसर्गापासून लक्षणे उद्‌भवेपर्यंतचा काळ) ३० ते १८० दिवसांचा असतो. तीव्र स्वरूपात भूक मंदावणे, मळमळ, थकवा, सांधेदुखी, पोटाच्या उजव्या बाजूस वरच्या भागात दुखणे, लघवी गडद पिवळी होणे आणि नंतर डोळे व त्वचा पिवळी होणे ही लक्षणे दिसतात. सु. एक टक्का किंवा त्याहून कमी रुग्णांत यकृताचे कार्य वेगाने ढासळून मृत्यूचा धोका निर्माण होतो. इतर बहुसंख्य प्रौढ रुग्ण काही आठवड्यांत अथवा महिन्यांत पूर्ण बरे होतात व त्यांना आयुष्यभराची प्रतिरक्षा प्राप्त होते.

काविळीवरील झाडपाल्याच्या औषधांची आणि ‘कावीळ उतरविण्याच्या’ विधींची ख्याती मुख्यतः या नैसर्गिक बरे होण्यावर आधारलेली आहे. भुईआवळी या वनस्पतीच्या बाबतीत मद्रास (चेन्नई) येथील संशोधकांनी ब्लंबर्ग यांच्या सहभागाने केलेल्या लहान प्रमाणावरील चाचणीचे आशादायक निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. तथापि नंतरच्या चाचण्यांत त्यांस पुष्टी मिळाली नाही.

आवरण-प्रतिजन रक्तात सहा महिन्यांहून अधिक काळ आढळल्यास संसर्ग दीर्घकालिक समजतात. असे रुग्ण वर्षानुवर्षे धडधाकट असतात. मात्र प्रतिरक्षा यंत्रणेचे अधूनमधून होणारे हल्ले व त्यानंतरची झीज-भरपाई यांतून यकृतात तंतुमय ऊतक साचत जाते व सूत्रण रोग होतो. जलोदर, रक्ताच्या उलट्या व शुद्ध हरपणे ही त्याची उत्तर लक्षणे होत. व्हायरसाचा डीएनए यकृत कोशिकांच्या गुणसूत्रांत शिरू शकत असल्यामुळे काही वेळा सूत्रण रोग झालेला नसतानाही कर्करोग उद्‌भवतो. बीझली व त्यांच्या सहकाऱ्यांनी तैवानमधील २२,७०७ शासकीय सेवक पुरुषांची पाहणी करून १९८१ मध्ये असे दाखविले की, दीर्घकालिक संसर्ग असलेल्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या तुलनेने दोनशे पटींहून अधिक होता.

निदान व उपचार : रक्तातील आवरण-प्रतिजनाची तपासणी ही निदानाची मुख्य कसोटी होय. गाभ्याच्या प्रथिनाविरुद्धच्या विशिष्ट प्रतिपिंडांवरून संसर्ग नवा आहे किंवा कसे, हे कळते. आवरण-प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्यास ती रोगमुक्तीची किंवा लसीकरणामुळे आलेल्या प्रतिरक्षेची निदर्शक असतात. व्हायरसाच्या डीएनएचे प्रमाण व यकृताची स्थिती पाहून उपचार ठरवितात.

तीव्र स्वरूपाच्या रोगावर सामान्यतः विश्रांती, पोषक आहार व मद्यवर्जन यांपलीकडे विशिष्ट उपचार लागत नाहीत. दीर्घकालिक रोगात टेनोफोव्हिर किंवा एंटेकाव्हिर यांपैकी एक औषध पोटात देतात. त्यांच्यामुळे व्हायरसाची वाढ दबते, सूत्रण रोगाची गती मंदावते आणि कर्करोगाची शक्यता घटते. परंतु ती बहुधा दीर्घकाळ, पुष्कळदा आयुष्यभर घ्यावी लागतात आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून ती थांबविणे धोक्याचे असते. निवडक रुग्णांत इंटरफेरॉन अंतःक्षेपणाने देतात. कर्करोगाचा धोका अधिक असलेल्या रुग्णांची दर सहा महिन्यांनी श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या (सोनोग्राफीच्या) साहाय्याने तपासणी करतात. भारतात राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला असून त्याखाली तपासणी व औषधे विनामूल्य उपलब्ध करून देण्यात येतात.

प्रतिबंध : हा व्हायरस प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने वाढविता येत नसल्यामुळे लस तयार करणे प्रथम अशक्यप्राय वाटत होते. रक्तातील आवरण-प्रतिजनाचे कण मोठ्या संख्येने असतात व ते संसर्ग करीत नाहीत, या वस्तुस्थितीचा उपयोग करून संशोधकांनी ही अडचण दूर केली. संसर्गित व्यक्तींच्या रक्तद्रवातून हे कण वेगळे करून आणि रासायनिक प्रक्रियांनी शुद्ध करून पहिली लस बनविण्यात आली. न्यूयॉर्क येथे श्मुनेस यांनी १,०८३ पुरुषांवर केलेल्या चाचणीत तिची परिणामकारकता सिद्ध झाली (१९८०) व १९८१ मध्ये अमेरिकेत तिला परवाना मिळाला. रक्तद्रवाचा पुरवठा मर्यादित होता आणि एड्सच्या उदयानंतर मानवी रक्तापासून बनविलेल्या पदार्थांविषयी भीतीही निर्माण झाली. दरम्यान आवरण-प्रतिजनाचे जनुक यीस्टच्या कोशिकेत घालून तिच्याकरवी हे प्रथिन बनवून घेण्यात यश आले. या पद्धतीने तयार झालेल्या लशीस १९८६ मध्ये मान्यता मिळाली. जनुकीय अभियांत्रिकीने बनलेली मानवासाठीची ही पहिली लस होय. भारतात हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्स या संस्थेने १९९७ मध्ये स्वदेशी लस बाजारात आणली, त्यामुळे तोवर महाग असलेल्या या लशीची किंमत पुष्कळ उतरली.

लशीची मात्रा अर्भकांना मांडीच्या व मोठ्यांना दंडाच्या स्नायूत देतात. ती २° ते ८° से. तापमानात ठेवावी लागते. गोठल्यास तिची कार्यक्षमता नष्ट होते. सर्व मात्रा घेतलेल्या सु. ९५ टक्के बालकांना पुरेशी प्रतिरक्षा मिळते व ती किमान २० वर्षे टिकते. प्रौढांना सामान्यतः पहिल्या मात्रेनंतर एक व सहा महिन्यांनी आणखी दोन मात्रा देतात.

मातेकडून होणारा संसर्ग टाळण्यासाठी पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत देणे अत्यावश्यक असते. परिपाक काल दीर्घ असल्याने व्हायरस यकृतात पाय रोवण्यापूर्वीच लशीमुळे प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. उशीर होईल त्या प्रमाणात ही संधी निसटत जाते. माता संसर्गित असल्याचे ज्ञात असल्यास लशीबरोबरच तयार प्रतिपिंडे असलेले विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिनही दुसऱ्या जागी टोचतात. मातेच्या रक्तातील व्हायरसाचे प्रमाण फार असल्यास तिला गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत टेनोफोव्हिर देतात. याकरिता प्रत्येक गर्भवती स्त्रीची रक्ततपासणी होणे आवश्यक आहे.

लसीकरणाचे फलित तैवानमध्ये सर्वांत स्पष्टपणे दिसून आले. तेथे १९८४ मध्ये संसर्गित मातांच्या अर्भकांना व १९८६ पासून सर्व नवजात बालकांना लस देण्यास प्रारंभ झाला. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण १९८१–८६ या काळात दर लाखात ०.७० होते, ते १९९०–९४ या काळात ०.३६ वर आले. लसीकरणाने एखादा कर्करोग टाळता येतो, याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होय. जगातील पाच वर्षांखालील बालकांत दीर्घकालिक संसर्गाचे प्रमाण लसपूर्व काळात सु. ५ टक्के होते. ते २०१९ पर्यंत एक टक्क्याच्या खाली आले. बांगलादेश, भूतान, नेपाळ व थायलंड या देशांनी बालकांतील संसर्ग नियंत्रणाचे आपल्या विभागासाठी ठरविलेले उद्दिष्ट २०१९ मध्ये गाठले.

भारतात या लशीचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात प्रायोगिक समावेश २००२-०३ मध्ये झाला व २०११-१२ मध्ये तो देशभर करण्यात आला. जन्मतः एक मात्रा आणि त्यानंतर ६, १० व १४ आठवड्यांच्या वयात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात व हिमोफिलस इन्फ्लुएंझा ब यांवरील लशींबरोबर संयुक्त (पंचगुणी) लस, असा क्रम आहे. घरी होणाऱ्या प्रसूती, दुर्गम वस्त्या आणि सुटीच्या दिवशी लस उपलब्ध नसणे या कारणांनी जन्ममात्रा चुकण्याचा संभव सर्वाधिक असतो. जगभरातही २०२२ मध्ये वेळेवर जन्ममात्रा मिळालेल्या अर्भकांचे प्रमाण सु. ४५ टक्केच होते.

लसीकरणास इतर उपायांची जोड द्यावी लागते. रक्तपेढीतील प्रत्येक रक्तपिशवीची तपासणी, एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणाऱ्या पिचकाऱ्यांचा वापर, वापरलेल्या सुयांची सुरक्षित विल्हेवाट, शस्त्रक्रियेच्या व दंतवैद्यकाच्या उपकरणांचे काटेकोर निर्जंतुकीकरण, लैंगिक संबंधात निरोधाचा वापर आणि वैद्यकीय कर्मचारी, वारंवार रक्ताधान लागणारे रुग्ण व संसर्गितांचे कुटुंबीय यांचे लसीकरण हे त्यांतील प्रमुख होत. संसर्गित रक्ताशी संपर्क आल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन विनाविलंब वैद्यकीय सल्ला घ्यावा. लस व इम्युनोग्लोब्युलिन शक्य तितक्या लवकर दिल्यास संसर्ग टाळता येतो.

२०३० पर्यंत नवे संसर्ग ९० टक्क्यांनी व मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ठरविले. मानवेतर प्राण्यांत या व्हायरसाचा महत्त्वाचा साठा आढळत नाही आणि परिणामकारक लस उपलब्ध आहे. त्यामुळे हे उद्दिष्ट तत्त्वतः असाध्य नाही. एकदा यकृत कोशिकेच्या केंद्रकात स्थिरावलेला व्हायरस क्वचितच पूर्णपणे उच्चाटित करता येतो. त्याला तेथे पोहोचू न देणे हाच खात्रीचा मार्ग असून त्याची सुरुवात जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी होते.